पॅटर्सनचा धबधबा आणि गाव न सोडणारा डॉक्टर

१० जुलै १७७८. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली मनमथची लढाई होऊन पंधरवडाही उलटला नव्हता. जॉर्ज वॉशिंग्टनचं सैन्य न्यू जर्सीतून उत्तरेकडे सरकत होतं. वाटेत सेनापती आपल्या काही अधिकाऱ्यांसह पासेइक नदीच्या धबधब्यापाशी थांबले, झाडाखाली बसून थंड मांस आणि बिस्किटं खाल्ली, ७७ फुटांवरून कोसळणारं पाणी पाहिलं आणि पुढच्या वाटेला लागले. त्या मंडळींत लाफायेत हा तरुण फ्रेंच सरदार होता, आणि वॉशिंग्टनचा विशीतला सहायक अलेक्झांडर हॅमिल्टनही होता. जेवण संपलं, पण हॅमिल्टनच्या डोक्यातून ते पाणी गेलं नाही.

त्या धबधब्याभोवती हॅमिल्टनने पुढे एक गाव वसवलं. त्या गावात सव्वाशे वर्षांनी रेशमाच्या विणकरांनी पाच महिने माग बंद ठेवले. आणि शेजारच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरने त्याच धबधब्यावर पाच खंडांची दीर्घकविता लिहिली. डॉक्टरचं नाव विल्यम कार्लोस विल्यम्स, गावाचं आणि कवितेचं नाव एकच: पॅटर्सन. धबधब्यावर हक्क सांगणारे असे तिघे झाले. प्रत्येकाने त्या पाण्यात वेगळं काही ऐकलं, आणि प्रत्येकाच्या कानांवरून काही ना काही निसटलंही.

पाणी विकणारी कंपनी

ब्रिटिशांच्या वसाहतीने कच्चा माल द्यावा आणि पक्का माल विकत घ्यावा, हा व्यवहार आपल्याला नव्याने सांगायला नको. अमेरिकेतल्या वसाहतींचंही तेच होतं. स्वातंत्र्य मिळालं तरी कापड, भांडी, हत्यारं इंग्लंडहूनच येत होती. नव्या देशाचा पहिला अर्थमंत्री झालेल्या हॅमिल्टनला हे खुपत होतं. माल परका असेल तर स्वातंत्र्य कागदावरच राहतं, असं त्याचं मत होतं. डिसेंबर १७९१ मध्ये त्याने अमेरिकेच्या संसदेपुढे उद्योगांविषयीचा आपला प्रसिद्ध अहवाल मांडला. त्याच्या आधीच, नोव्हेंबरमध्ये, ‘सोसायटी फॉर एस्टॅब्लिशिंग यूजफुल मॅन्युफॅक्चर्स’ या कंपनीला न्यू जर्सी राज्याची सनद मिळाली होती. सनदेवर सही करणारे गव्हर्नर होते विल्यम पॅटर्सन. गावाला त्यांचंच नाव पडलं.

कंपनीने धबधब्याच्या वर-खाली मिळून ७०० एकर जमीन घेतली. पाणी कारखान्यांपर्यंत नेण्याची योजना आखायला आणला तो पिएर लांफां, म्हणजे राजधानी वॉशिंग्टनचा आराखडा करणारा फ्रेंच माणूस. त्याची कल्पना भव्य होती आणि खर्चही तसाच. त्यात १७९२ मध्ये न्यूयॉर्कचा रोखेबाजार कोसळला, कंपनीचा मुख्य संचालक विल्यम ड्यूअर कर्जापायी तुरुंगात गेला. लांफांला काढून टाकावं लागलं. कंपनीची स्वतःची सुती गिरणी कशीबशी उभी राहिली आणि १७९६ मध्ये बंदही पडली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कंपनीच्या लक्षात आलं की कापड विणण्याची तसदी घ्यायलाच नको, पाणी विकूनही पोट भरतं. नदीचं पाणी पाटांनी वळवायचं, पाटांच्या कडेची जागा भाड्याने द्यायची आणि पाटातलं पाणी गिरणीमालकांना मापून द्यायचं. पुढे हे पाट तीन टप्प्यांचे झाले. एकच पाणी वरच्या पाटावरच्या गिरणीचं चाक फिरवून खालच्या पाटात उतरे आणि तिथे पुन्हा कामाला लागे. स्थानिक करांतून कंपनीला सूट होती. देशाला स्वावलंबी करण्यासाठी काढलेली संस्था अशी घरबसल्या भाडं खाणारी जमीनदार झाली आणि दीडशे वर्षं टिकली.

भाडेकरूंनी मात्र गाव घडवलं. इथे सुती गिरण्या आल्या. १८३६ मध्ये सॅम्युअल कोल्टने आपल्या फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलांचा पहिला कारखाना इथेच काढला. रॉजर्सच्या कारखान्यातून रेल्वेची इंजिनं बाहेर पडू लागली. जॉन हॉलंड नावाच्या आयरिश शिक्षकाने आपली पहिली पाणबुडी १८७८ मध्ये याच नदीत बुडवून पाहिली. आणि १८४० च्या सुमाराला जॉन राइल या इंग्लंडहून आलेल्या विणकराने रेशमाचा धंदा रुजवला. शतक संपेपर्यंत पॅटर्सनला सगळी अमेरिका ‘रेशीमनगरी’ म्हणू लागली होती. कच्चं रेशीम जपान-चीन-इटलीहून येई. कसबी माणसंही दुरूनच आली: इंग्लंडमधल्या मॅकल्सफील्डचे विणकर, उत्तर इटलीतल्या बिएला आणि कोमोचे कारागीर, पोलंडमधल्या लॉड्झचे ज्यू. १९१० च्या शिरगणतीत गावाची वस्ती सव्वा लाखावर गेली.

हातातल्या कसबाबरोबर माणसं डोक्यातले विचारही घेऊन आली. २९ जुलै १९०० रोजी इटलीच्या मोन्झा शहरात राजा उंबेर्तो याला गोळ्या घालून मारणारा गाएतानो ब्रेस्ची हा पॅटर्सनचा रेशीम विणकर होता. न्यूयॉर्कच्या सावलीतल्या या गिरणगावाचं नाव तेव्हा युरोपभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

दोनाचे चार

मुंबईच्या गिरण्यांची कहाणी ज्यांनी घरात ऐकली आहे, त्यांना पुढचा भाग ओळखीचा वाटेल. १९२८ मध्ये मुंबईच्या दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, त्याच्या मुळाशी एकाच विणकराने पूर्वीपेक्षा जास्त माग सांभाळावेत हा मालकांचा हट्ट होता. पॅटर्सनमध्ये तोच प्रश्न पंधरा वर्षं आधी पेटला.

रेशमाचा विणकर तोवर दोन माग पाही. ताण्यातला केसासारखा धागा तुटला की माग थांबवायचा, धागा जोडायचा, पुन्हा सुरू करायचा. नजर हटली की कापडात खोट राही आणि मजुरी कापली जाई. हेन्री डोहर्टी या मालकाने नव्या गिरणीत धागा तुटताच आपोआप थांबणारे माग बसवले आणि एका माणसाला चार माग दिले. हिशेब विणकरांच्या चटकन ध्यानात आला. आज चार माग, तर उद्या निम्मी माणसं घरी, आणि घरी बसलेली माणसं दाराशी उभी असली की मजुरीही खाली. जानेवारी १९१३ च्या अखेरीस चार मागांबद्दल बोलायला गेलेल्या कामगार समितीतल्या चौघांना कामावरून काढलं, आणि डोहर्टीचे सुमारे ८०० विणकर बाहेर पडले. २५ फेब्रुवारीला संप गावभर पसरला. लवकरच सुमारे ३०० गिरण्या आणि रेशीम रंगवणाऱ्या रंगशाळा थंडावल्या, २४ हजारांवर माणसं संपावर होती.

हे सगळे एका जातीचे कामगार नव्हते. रुंद पन्ह्याचं कापड विणणाऱ्यांचं दुखणं चार मागांचं. फिती विणणारे जुने, कसबी, बहुतेक इंग्रजी बोलणारे. त्यांना आपल्या जुन्या दरांची काळजी. रंगशाळांतले मजूर सगळ्यांत खालचे. वाफेने भरलेल्या खोलीत, ओल्या फरशीवर, आम्लाने हात सोलवटत ते कमी मजुरीत राबत. या तिघांना एका दोरीत बांधणारी मागणी पुढे आली ती आठ तासांच्या दिवसाची.

दोरी बांधायला आलेले पुढारी बाहेरचे होते. ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या लढाऊ संघटनेने आदल्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सचा गिरणी संप जिंकला होता. तिचा एक डोळा गमावलेला माजी खाणकामगार बिल हेवुड, बावीस वर्षांची फर्डी वक्ती एलिझाबेथ गर्ली फ्लिन आणि इटालियन पत्रकार कार्लो ट्रेस्का पॅटर्सनला येऊन थडकले. फ्लिन आणि ट्रेस्का यांना पहिल्याच दिवशी अटक झाली. पुढच्या पाच महिन्यांत पोलिसांनी अठराशेच्या वर संपकऱ्यांना पकडलं. मालकांनी गिरण्यांवर राष्ट्रध्वज फडकावून संपकऱ्यांना देशद्रोही ठरवू पाहिलं, तेव्हा हा झेंडा विणणारे हात आमचेच आहेत, असं विणकरांनी उलट सुनावलं.

पॅटर्सनमध्ये सभांना बंदी आली. पण हद्दीला लागून हेल्डन नावाचं चिमुकलं गाव होतं, आणि तिथला महापौर समाजवादी होता. तिथे बिएलाहून आलेल्या पिएत्रो बोटो या विणकराचं घर होतं, समोर मोकळं मैदान. दर रविवारी बोटोच्या माडीच्या सज्जातून भाषणं होत आणि खाली हजारोंचा समुदाय इटालियन, जर्मन, इंग्रजी, यिडिश अशा भाषांत ती समजून घेई. एप्रिलमध्ये रंगशाळेच्या खासगी पहारेकऱ्यांच्या गोळीने व्हॅलेन्टिनो मॉदेस्तिनो हा माणूस स्वतःच्या घराच्या पायरीवर मारला गेला. तो रेशमाचा कामगारही नव्हता. त्याच्या अंत्ययात्रेत संपकऱ्यांनी शवपेटीवर लाल फुलं वाहिली.

मे महिन्यात घरातलं धान्य संपत आलं. मुलांना न्यूयॉर्कच्या सहानुभूतीदार कुटुंबांकडे पाठवावं लागलं. न्यूयॉर्कच्या लेखक-कलावंतांच्या बैठकीत एक कल्पना निघाली: संपकऱ्यांनीच आपला संप रंगमंचावर करून दाखवावा. पत्रकार जॉन रीडने पुढाकार घेतला. ७ जून १९१३ रोजी पॅटर्सनच्या हजाराहून अधिक कामगारांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गिरणीचा भोंगा, बंद माग, पोलिसांचा मार, मॉदेस्तिनोची अंत्ययात्रा आणि मुलांचा निरोप स्वतः साकारला. प्रेक्षक पंधरा हजारांच्या घरात. फड असा रंगला, पण गल्ला रिकामाच राहिला. हिशेबात सुमारे दोन हजार डॉलरची तूट आली. पुढे फ्लिनने जाहीरपणे सांगितलं, की तालमींपायी पहाऱ्यावरची माणसं कमी झाली आणि कोण मंचावर गेलं, कोण नाही, यावरून आपसात हेवेदावे वाढले.

तरी संप बुडाला तो नाटकामुळे नव्हे. मालकांनी काही वर्षांपासून शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या गावांत जोडगिरण्या काढल्या होत्या. खाणकामगारांच्या बायका-मुली तिथे स्वस्तात राबत. पॅटर्सन बंद पडलं तरी कापड निघतच होतं. जुलैमध्ये फितीवाल्यांनी आपापल्या गिरणीपुरती बोलणी सुरू केली आणि फळी फुटली. महिनाअखेरीस विणकर हात हलवत कामावर परतले. मुंबईचा १८ जानेवारी १९८२ चा संप आठवून पाहा. अडीच लाख माणसं बाहेर, आणि कापड विणलं जातंय भिवंडीच्या यंत्रमागांवर. जागा बदलली, डाव तोच.

विजयही मालकांना फारसा पचला नाही. गावाच्या डोक्यावर गॅरेट डोंगराच्या उतारावर कॅथोलिना लॅम्बर्ट या रेशीमसम्राटाने १८९२ मध्ये किल्ल्यासारखा वाडा बांधला होता. संपानंतर तीनच वर्षांत देणी भागवण्यासाठी त्याला आपला चित्रसंग्रह लिलावात काढावा लागला.

शेजारच्या गावातला डॉक्टर

हा सगळा गदारोळ चालू असताना पॅटर्सनपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या रदरफर्ड गावात एक एकोणतीस वर्षांचा डॉक्टर नुकताच संसाराला लागला होता. विल्यम कार्लोस विल्यम्सचा जन्म १७ सप्टेंबर १८८३ चा, रदरफर्डचाच. वडील इंग्लंडमध्ये जन्मून कॅरिबियन बेटांत वाढलेले, आई प्वेर्तो रिकोच्या मायाग्वेसची. घरात स्पॅनिश चाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वैद्यक शिकताना त्याची गाठ कवी एझ्रा पाउंडशी पडली. १९०८ मध्ये पाउंडने युरोप गाठला. काही वर्षांनी सेंट लुईसचा टी. एस. एलियट लंडनचा झाला. अमेरिकेतल्या होतकरू कवीने बोट पकडून पूर्वेला जावं, हा तेव्हाचा रिवाज होता. विल्यम्सही लायप्झिगला जाऊन बालरोगांचा अभ्यास करून आला, पण आला तो परत. १९१० मध्ये त्याने गावात दवाखाना थाटला, १९१२ मध्ये फ्लॉरेन्स हर्मनशी लग्न केलं आणि १९१३ मध्ये ९, रिज रोड हे घर घेतलं. पुढे पन्नास वर्षं तो त्याच घरात राहिला आणि तिथेच वारला.

त्याचा पहिला कवितासंग्रह १९०९ मध्ये गावच्याच छापखान्यात निघाला होता. प्रती खपल्या चार. उरलेल्या पुढे जळून गेल्या. त्या कविता कीट्सच्या उसन्या कपड्यातल्या होत्या, आणि हे सर्वांत आधी त्यालाच कळलं.

१९१४ मध्ये लंडनच्या ‘इगोइस्ट’ या नियतकालिकात त्याची ‘द वॉन्डरर’ ही मोठी कविता आली. तिच्यात एक जख्खड, रासवट देवता तरुण कवीला हाताला धरून हिंडवते. ती त्याला पॅटर्सनला नेते, संपाच्या दिवसांत भाकरीसाठी रांगेत उभी असलेली माणसं दाखवते आणि शेवटी पासेइक नदीच्या गिरण्यांनी नासवलेल्या पाण्यात बुडवते. या देवतेच्या मागे विल्यम्सची आजी होती. संप ताजा होता, त्याची झळ कवितेला लागली आहे. पण तरुण कवी त्या रांगेकडे काहीसा बिचकूनच पाहतो. दवाखान्याच्या काचेतून बाहेर पाहावं, तसा.

ती काच पुढची चाळीस वर्षं हळूहळू विरघळत गेली, आणि हे काम वैद्यकीने केलं. रदरफर्ड, पासेइक, गारफील्ड, लिंडहर्स्ट या गावांत इटालियन, पोलिश मजुरांच्या वस्त्या होत्या. रात्रीबेरात्री तिथे जायचं, स्वयंपाकघराच्या टेबलाशेजारी बाळंतपण करायचं, मिळाले तर पैसे घ्यायचे. विल्यम्सच्या हातून दोन हजारांहून जास्त मुलं जन्मली. दवाखान्याच्या टेबलात उचलून वर घेता येईल असं टंकलेखन यंत्र बसवलं होतं. दोन रोग्यांच्या मधे पाच मिनिटं मिळाली की ते वर येई. प्रवासात सुचलं तर औषधाच्या चिठ्ठ्यांचं पॅड होतंच. १९३८ च्या ‘लाइफ अलाँग द पासेइक रिव्हर’ या कथासंग्रहात ही माणसं दिसतात. त्यातल्या एका कथेत घटसर्पाची शंका असलेली पोर डॉक्टरला तोंड उघडून देत नाही. तो जबरदस्तीने घसा तपासतो, आणि त्या जबरदस्तीत त्याला एक क्रूर सुख मिळालं, हेही कबूल करतो. मजुरांकडे दयेने पाहणारे लेखक पुष्कळ होते. आपला राग लिहून ठेवणारे थोडे.

१९२२ मध्ये एलियटची ‘द वेस्ट लँड’ आली. विल्यम्सला वाटलं, आपली सगळी मेहनत वाया गेली, कविता पुन्हा विद्वानांच्या वर्गात जाऊन बसली. पुढच्याच वर्षी त्याचं ‘स्प्रिंग अँड ऑल’ निघालं. छापलं फ्रान्समधल्या दिजाँला, प्रती सुमारे तीनशे. त्यातली लाल हातगाडीची अवघी सोळा शब्दांची कविता आज शाळाशाळांत शिकवतात. ती हातगाडी थॅडियस मार्शल या रदरफर्डच्या कृष्णवर्णीय भाजीविक्रेत्याची. त्याच्या अनामिक थडग्यावर २०१५ मध्ये दगड बसला. विचार वस्तूपासून सुटा काढून कवितेत टांगायचा नाही, हा विल्यम्सचा दंडक होता. वस्तू नीट पाहायची तर ती रोज दिसायला हवी, आणि रोज दिसायची तर एका जागी राहायला हवं. गावात राहण्यामागे नाइलाज होता, तसा हा हिशेबही होता. आपल्याकडे देशीवादाच्या वादांत जे पुढे बोललं गेलं, त्याच्या जवळ जाणारं काही हा डॉक्टर न्यू जर्सीत जगत होता.

धबधब्याचा नवा मालक

गावाची थोर कविता लिहायची तर रदरफर्ड पुरेसं नव्हतं, त्याला इतिहास तोकडा होता. न्यूयॉर्क आवाक्याबाहेरचं. पॅटर्सनला धबधबा होता, हॅमिल्टन होता, गिरण्या होत्या, आग आणि पूर होते. १९२७ मध्ये ‘डायल’ मासिकात त्याने ‘पॅटर्सन’ नावाची छोटी कविता छापली. त्या बीजाला झाड व्हायला एकोणीस वर्षं लागली.

‘पॅटर्सन’चा पहिला खंड १९४६ मध्ये आला. पुढचे १९४८, १९४९, १९५१ आणि १९५८ मध्ये. त्यात गाव हाच माणूस आहे. धबधब्याशेजारी कुशीवर झोपलेला राक्षस, त्याच्या स्वप्नांतून रस्त्यांवरची माणसं हिंडतात. कवितेच्या ओळींच्या मधे गद्याचे ठोकळे जसेच्या तसे बसवलेले. जुन्या इतिहासग्रंथांतली आणि स्थानिक वर्तमानपत्रांतली कात्रणं, १८५७ मध्ये नॉच ओढ्यातल्या शिंपल्यांत सापडलेले मोती, १८२७ मध्ये धबधब्यावरून उडी मारून नाव कमावणारा आणि दोन वर्षांनी रॉचेस्टरच्या धबधब्यात जीव गमावणारा गिरणीकामगार सॅम पॅच. एका पोलाद कारखान्याने १८७९-८० मध्ये खोदलेल्या विहिरीत किती फुटांवर कोणता खडक लागला, त्याचा तक्तासुद्धा. तिसऱ्या खंडात १९०२ ची मोठी आग आहे, जिने गावाचं ग्रंथालय जाळलं. त्याच वर्षीचा पूर आहे. पहिल्या दोन खंडांत मार्सिया नार्डी या कवयित्रीने त्याला लिहिलेली संतापाची पत्रं आहेत. त्यांत ती त्याच्यावर आरोप करते की वाङ्मय आणि जगणं यांची तू फारकत केलीस. ती पत्रं नाव न घालता छापणं कितपत न्याय्य होतं, हा वाद आजही थांबलेला नाही. पण स्वतःवरचं आरोपपत्र स्वतःच्या महाकाव्यात लावणारे कवी मोजकेच.

आणि हॅमिल्टन? तो कवितेत पुन्हा पुन्हा येतो, खलनायक म्हणून. धबधब्याचा आवाज ऐकून ज्याला फक्त चाक फिरवण्याची ताकद सुचली, तो माणूस. विल्यम्सला त्याच आवाजात भाषा ऐकू येत होती. इंग्लंडची नव्हे, इटालियन-पोलिश आयांच्या तोंडची, न्यू जर्सीची, अजून कुणी लिहून न घेतलेली. गंमत अशी की दोघांचा प्रश्न एकच होता: युरोपच्या ताब्यातून सुटायचं कसं? हॅमिल्टनने तो मालापुरता विचारला, विल्यम्सने शब्दांपुरता.

या दोघांच्या हिशेबात काळाने एक गाठ मारून ठेवली. १९४५ मध्ये हॅमिल्टनच्या कंपनीने आपली सनद आणि मालमत्ता पॅटर्सन शहराला विकून टाकली. पुढच्याच वर्षी ‘पॅटर्सन’चा पहिला खंड बाहेर पडला. दीडशे वर्षं भाडं घेणारा मालक गेला आणि कवितेने जागा घेतली.

ज्याचा आवाज आला नाही

इथे एक गोष्ट बोचते. ज्या संपाने पॅटर्सनला देशभर नाव दिलं, तो या महाकाव्यात जवळजवळ नाहीच. दुसऱ्या खंडात गॅरेट डोंगरावर रविवारी हवा खायला आलेले कामगार आहेत, लॅम्बर्टच्या वाड्याचा उल्लेख आहे, एक धर्मोपदेशक पैशाविरुद्ध गळा फाडून बोलतो. पण चार मागांचा तंटा, हेल्डनचा सज्जा, मॉदेस्तिनोचं रक्त यांना जागा नाही. विहिरीतल्या खडकांना जागा मिळाली, चोवीस हजार विणकरांना नाही.

कारण शोधायचं तर विल्यम्सच्या विचारात शोधावं लागेल. गिरणी कुणाच्या मालकीची, हा त्याच्या लेखी मूळ प्रश्न नव्हता. तिच्यामागे उभं असलेलं कर्ज, व्याज आणि बँकांची मक्तेदारी हा त्याचा शत्रू होता. पाउंडच्या अर्थविचारांचा त्याच्यावर प्रभाव होता, आणि चौथ्या खंडात तो उघड दिसतो. दुसरं कारण त्याच्या पेशात आहे. डॉक्टरला कामगार एकेकटा भेटतो, अंथरुणावर. मोर्चात तो त्याला भेटत नाही. म्हणून ‘पॅटर्सन’मध्ये माणसांची शरीरं, बोली, लाज, भांडणं अचूक येतात. त्यांची एकजूट मात्र येत नाही. मुंबईच्या गिरणगावाचं सुदैव हे, की त्याला नारायण सुर्वे मिळाले, ज्यांनी गिरणीत स्वतः काम केलं होतं आणि ज्यांच्या कवितेत कामगार घोळक्यानेही येतो. पॅटर्सनला असा कवी विणकरांच्या रांगेतून लाभला नाही.

वारसा

मानसन्मान उशिरा आणि अडखळत आले. १९५० मध्ये कवितेसाठीचं पहिलं नॅशनल बुक अवॉर्ड ‘पॅटर्सन’च्या तिसऱ्या खंडाला आणि निवडक कवितांना मिळालं. आजारपणानेही गाठलं: १९४८ मध्ये हृदयविकार झाला होता, १९५१ आणि १९५२ मध्ये पक्षाघाताचे झटके आले, दवाखाना मुलाच्या हाती द्यावा लागला. १९५२ मध्ये अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात कवितेचा सल्लागार म्हणून नेमणूक झाली. पण तो मॅकार्थीचा, कम्युनिस्टांच्या शोधाशोधीचा काळ. जुन्या सह्या आणि जुन्या कविता उकरून संशय घेतला गेला, आणि विल्यम्स त्या खुर्चीवर कधी बसलाच नाही. ४ मार्च १९६३ रोजी तो रदरफर्डच्या घरी वारला. पुलित्झर पारितोषिक त्यानंतर दोन महिन्यांनी जाहीर झालं.

पॅटर्सनची आवाजाची भूक मात्र पुढच्या पिढीने भागवली. गावातल्या शाळामास्तर-कवी लुइस गिन्सबर्गचा मुलगा ॲलन याने या म्हाताऱ्या डॉक्टरला पत्रं लिहिली. मीही पॅटर्सनचा, असं सांगत. विल्यम्सने ती पत्रं चौथ्या खंडात घातली, आणि १९५६ मध्ये ॲलनच्या ‘हाउल’ला प्रस्तावना लिहिली. फेब्रुवारी १९६२ मध्ये हाच ॲलन गिन्सबर्ग बोटीने मुंबईला उतरला आणि इथल्या तरुण कवींच्या अड्ड्यांत मिसळला. साठच्या दशकातल्या मुंबईत जी बंडखोरी खदखदत होती, तिला या पाहुण्याने हवा दिली. पासेइकचं पाणी असं अरबी समुद्रापर्यंत पोचलं.

गाव स्वतः थकत गेलं. कृत्रिम रेशीम आलं, माग दक्षिणेकडे आणि पेनसिल्व्हेनियाकडे गेले, गिरण्यांच्या इमारती ओस पडल्या. २०११ मध्ये धबधब्याचा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. धबधब्याजवळच्या जुन्या जलविद्युत केंद्रातून आजही वीज निघते. २०१६ मध्ये जिम जार्मुश या दिग्दर्शकाने ‘पॅटर्सन’ याच नावाचा चित्रपट केला. त्याचा नायक कविता लिहिणारा बसचालक आहे. म्हणजे विल्यम्सचा डॉक्टर आणि हरवलेला कामगार शेवटी एकाच माणसात भेटले, पण पडद्यावर.

न्यू जर्सीत आज कितीतरी मराठी कुटुंबं राहतात आणि पाहुण्यांना न्यूयॉर्क दाखवतात. एखाद्या रविवारी गाडी पॅटर्सनकडे वळवायला हरकत नाही. धबधब्याच्या समोर हॅमिल्टनचा पुतळा उभा आहे. तिथून काही मिनिटांवर हेल्डनमध्ये बोटोचं घर आहे, तो सज्जाही आहे. त्या घराला अमेरिकेने राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक ठरवलं ते १९८२ मध्ये. तेव्हा मुंबईत गिरण्यांचे भोंगे बंद होते आणि परळ-लालबागच्या घराघरांत माणसं संप मिटण्याची वाट पाहत होती.